मदत हवी आहे: हामात्सा या विधी-नाचातला हा पक्षी कोणता?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाक्यवाक्व लोकांच्या लाकडी मुखवट्यांवर आमच्या मंडळात स्लाइड दाखवून बोलायचंय. मुखवट्याच्या एका जुन्या फोटोवर गाडी अडलीय. खाली फक्त 'पक्षी' लिहिलंय. कारागीर, गाव, साल काहीच नाही. फोटो खासगी संग्रहातला, त्यामुळे इथे टाकता येत नाही.

वर्णन असं: चोच लांबलचक आणि सरळ, खालचा जबडा दोरी ओढून वाजवायचा, कडेने सीडरच्या सालीची झालर. म्हणजे माणसांच्या कवट्या फोडणारा होखोक पक्षी, असं वाटलं. पण नाकपुड्या चांगल्याच फुगलेल्या आहेत आणि चोचीवर मोठी वळणदार कमान आहे. ती तर 'वाकडी चोच' नावाच्या दुसऱ्या पक्ष्याची खूण ना? या नाचातला तिसरा पक्षी, डोमकावळा, तर नक्की नाही.

अलर्ट बे इथल्या उमिस्ता या त्यांच्याच सांस्कृतिक केंद्राचं ऑनलाइन साहित्य पाहिलं. १९२१च्या पॉटलॅचनंतर (पॉटलॅच म्हणजे भेटवस्तू वाटण्याचा त्यांचा समारंभ) सरकारने हिसकावलेले मुखवटे तिथे परत आलेत (पॉटलॅचवर बंदी १८८५ ते १९५१, काय म्हणावं!). पण माझ्या फोटोसारखा, दोन्ही खुणा एकत्र असलेला नमुना सापडला नाही. एकाच मुखवट्यात अनेक पक्ष्यांची डोकी असतात हे माहीत आहे. इथे मात्र डोकं एकच.

खरेदी-विक्रीचा प्रश्न नाही, ओळख हवी. अशा वेळी चोचीचा आकार ग्राह्य धरायचा की वरची कमान?