चारित्र्यवान माणूस द्या म्हणे!

घोडबंदरकर: काल इथे एकाने लिहिलं, "ठाण्याला नवे कायदे नकोत, एक चारित्र्यवान माणूस सत्तेत बसवा, पाच वर्षांत शहर सुधारतं." खाली वाहवा. अहो, चारित्र्य मोजायचा काटा कुठल्या प्रभाग समितीत ठेवलाय? कौटिल्याने खजिना खायचे ४० प्रकार मोजले. वर सांगितलं, पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही. म्हणून सज्जन शोधत बसला नाही. एका खात्यावर अनेक अधिकारी नेमा आणि कोणाला कायम ठेवू नका, म्हणाला.

आमच्या गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक तीन वर्षांत दोनदा उखडले. धडधाकट होते. त्यातले आठ मी कुंड्यांखाली ठेवलेत, एकालाही चीर नाही. आणि तो नगरसेवक वाईट माणूस नव्हता हो! सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा रात्री दोनला स्वतः गाडी घेऊन आला. पण मार्चअखेर निधी संपवायचा, ठेकेदार ठरलेला, विचारणारं कोणी नाही. त्या खुर्चीवर संत बसवा, तोही ब्लॉकच बदलेल.

नौपाड्याचा जुना: नव्वदीच्या शेवटी टी. चंद्रशेखर आयुक्त म्हणून आले तेव्हा कायदा कुठला होता? तोच १९४९ चा महापालिका अधिनियम. आधीच्यांना रस्ते रुंद करता आले नाहीत, त्यांनी केले. आमच्या दुकानाची साडेचार फूट ओटी गेली. वडील दोन दिवस जेवले नाहीत, शिव्या मात्र भरपूर घातल्या. पुढे तेच गिऱ्हाइकांना सांगायचे, "माणूस ताठ होता." ताठ माणूस लागतोच. तुमचा कौटिल्य ठेवा कुंडीखाली.

कोपरखैरणे १७: ताठ माणसाचं कौतुक पुरे. नवी मुंबईत २०२० पासून पाच वर्षांवर प्रशासक होता, तुमच्याकडे २०२२ पासून. नगरसेवक नाहीत म्हणजे टक्केवारी नाही, असंच ना? मग ब्लॉक थांबले का? असो. आमच्या नळाला पाणी येतं, मोरबे धरण आमच्या महापालिकेचं आहे. ठाणेकरांचं शाई धरण अजून कागदावर. आधी धरण बांधा, मग सद्गुणांवर बोला.

घोडबंदरकर: विषय काय, तुमचं चाललंय काय! पण हो, काल दोन टँकर मागवले. बोला आता.

करावे गाव: मोरबे "आमचं"? पाण्याखाली गेली ती खालापूरकडची गावं. आणि तुम्ही नळ सोडून बसलात ती जमीन आमच्या आज्याची. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा नकाशे काय सुंदर होते! माणसंही शिकलेली, सज्जन. तरी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे विकसित प्लॉट कोणाच्या सज्जनपणाने नाय मिळाले. आमचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९८४ ला पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा सरकार हललं.

कोपरखैरणे १७: झालं सुरू. त्या प्लॉटवर परवानगीविना सहा मजले चढवले ते कुठल्या सज्जनपणाने?

करावे गाव: पोरं वाढली, गावठाण वाढलं नाय. तुमच्या बाल्कनीला ग्रिल घालून खोली केलीत, तिची परवानगी दाखवा. मग बोलू.

घोडबंदरकर: धागा माझा आहे. दि. बां.चं उदाहरण माझ्याच बाजूचं. रेटा असला की सरकार वागतं.

नौपाड्याचा जुना: रेट्याचं कौतुक मला नको. ४ एप्रिल २०१३, शीळची बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. अटकेत बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलीस, नगरसेवक. एकमेकांवर नजर ठेवायला नेमलेली हीच माणसं ना? सगळ्यांचा स्वार्थ एकाच दिशेला वळला. तिथे एकाने जरी "सही करत नाही" म्हटलं असतं तर? त्या एकाला तुम्ही काय म्हणणार, यंत्रणा?

घोडबंदरकर: ...बरं. शीळपुरतं मान्य. तुमचा तो एक माणूस मिळाला की कळवा, हार मी आणतो. पण दुसऱ्या दिवशी त्याची बदली करणारा कोण, तेही सांगा.

नौपाड्याचा जुना: हार नको. पेव्हर ब्लॉक द्या, ओटीला लागतील.

घोडबंदरकर: थांबा, टँकर आलाय, वॉचमन शिट्टी मारतोय. उरलेलं रात्री.

करावे गाव: टँकर कोणाचा आहे ते तेवढं बघून या.