स्ट्रॉबेरी पेरूच्या कळ्या पावसात गळतात, मदत हवी आहे

कातळकर:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं घर आहे. जुलै २०२० मध्ये एका रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरी पेरूचं रोप आणलं. काही जण याला चेरी पेरूही म्हणतात. रोपवाटिकावाला म्हणाला, "कलम आहे, दोन वर्षांत धरेल." पाच वर्षं झाली. झाड सहा फुटांचं झालंय, पानं अशी हिरवीगार की पाहुणे आधी त्याच्याकडेच बघतात. पण फळाच्या नावाने बोंब.

मागच्या वर्षी मे अखेरीस पहिल्यांदा कळ्या आल्या. पांढरं, केसाळ, मंद वासाचं फूल. पाऊस लागला आणि आठवड्यात सगळ्या कळ्या काळ्या पडून आळ्यात. यंदाही तेच. अकरा कळ्या मोजल्या होत्या, चार धरल्या, करवंदाएवढ्या झाल्यावर तीन गळल्या. उरलेलं एक ऑगस्टमध्ये लालबुंद झालं. घरात पाच माणसं, म्हणून सुरीने पाच फोडी करायला घेतल्या, तर आत अळ्यांची वस्ती! न किडलेला चिमूटभर भाग मी खाल्लाच. आंबट-गोड, साध्या पेरूचा वास कमी. त्या चिमटीने घात केला, आता झाड सोडवत नाही.

जागा: घराच्या मागे, आईच्या काप्या फणसाखाली. दोन फुटांवर कातळ लागला, तो फोडून खड्डा केला, पोयटा आणि शेणखत भरलं. एप्रिल-मेमध्ये रोज दोन बादल्या पाणी, तरी पानांच्या कडा करपतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून जूनमध्ये मूठभर युरिया घालतो. माझा समज असा की हे झाड आमच्या पावसाला टिकणारं नाही. वर प्लास्टिक बांधू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाचोळा:
आधी झाड तेच आहे ना, ते बघा. साध्या पेरूच्या पानाला खालून शिरा उठलेल्या असतात, बारीक लव असते, कोवळी काडी चौकोनी असते. तुमचं पान जाड, गुळगुळीत आणि चकाकणारं असेल, काडी गोल असेल, तर खरं. आणि ते 'कलम' वगैरे सोडा हो. याचं बी लावलं तरी झाड बहुतेक आईसारखंच निघतं. कलमाचे म्हणून जास्त पैसे घेतले असतील तर गेले.

कातळकर:
आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. पान गुळगुळीत, काडी गोल, खोडाची साल पापुद्र्यांनी सुटतेय. म्हणजे झाड खरं, कलम खोटं. साडेतीनशे रुपये दिले होते.

बेटावरचा:
मी मॉरिशसला असतो. इकडे हे फळ म्हणजे 'गोयाव द शिन', शब्दशः चिनी पेरू, पण झाड मूळचं ब्राझीलच्या किनारपट्टीतलं. मधल्या पठारावर रानात नुसतं माजलंय. मोसमात माणसं पिशव्या घेऊन तोडायला जातात, रस्त्याकडेला विकतात, तिखट-मीठ लावून खातात. त्या पठारावर काही भागात वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, म्हणजे तुमच्यापेक्षा कमी नाही. तेव्हा पावसाला दोष देऊ नका. फरक असा की इकडे पाऊस वर्षभर वाटून येतो आणि उतारावरून निघून जातो. तुमच्याकडे चार महिन्यांत सगळा, मग आठ महिने कोरडं. पठारावर हवाही गार, एप्रिलमधल्या कातळासारखी भट्टी नाही.

एक विनंती, बिया रानात टाकू नका. इकडे माकडं, डुकरं आणि पाखरं बी पसरवतात आणि याच्या दाट जाळीखाली मूळची झाडं उगवतच नाहीत. राखीव रानात माणसं लावून उपटावं लागतं. हवाईत १८२५ च्या सुमारास हौसेने नेलं, तिथेही हीच गत. तुमच्या शेजारी देवराई असेल तर पडलेली फळं गोळा करायचा आळस नको.

दापोलीची माळीण:
कातळकर, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. कातळ फोडून खड्डा केलात म्हणजे तुम्ही टाकी बांधलीत. जून ते सप्टेंबर त्यात पाणी उभं राहणार, मुळं गुदमरणार, मग कळ्या गळणार नाहीत तर काय? आणि त्याच अधू मुळांवर झाडाला एप्रिल काढायचाय, म्हणून कडा करपतात. माझ्याकडेही असंच झालं होतं, चिकूचं.

पावसाळ्यात एकदा खड्ड्याशेजारी पहार घालून बघा. वीतभर खाली पाणी लागलं तर उताराच्या बाजूने कातळात चर मारा, खड्ड्याच्या तळापर्यंत. काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ. बुंध्याशी माती चढवून उंचवटा करा. उन्हाळ्यात रोज दोन बादल्या ओतण्यापेक्षा पाचोळ्याचा वीतभर थर द्या आणि दोन दिवसांआड भरपूर पाणी. याची मुळं वरवर पसरतात, त्यांना गारवा हवा. युरिया बंद. त्याने पानंच माजतात, पाहुण्यांना दाखवायला ठीक.

दुसरं, सावली. फणसाखाली झाड जगेल, धरणार नाही. निदान अर्धा दिवस ऊन पाहिजे.

तिसरं, बहार. पेरूवर्गाला नव्या फुटीच्या पानाच्या बेचक्यात कळी येते. तुमची फूट येते मेच्या शिंपण्यावर, म्हणून फूल नेमकं मृगात सापडतं आणि फळ पावसाळ्यात. तेव्हा फळमाशीचा कहर असतो. घाटावर मृग बहार चालतो, आपल्याकडच्या झोडपणाऱ्या पावसात नाही. आपण हस्त धरायचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस ओसरला की फांद्यांचे शेंडे चार-सहा बोटं खुडा आणि कुजलेलं शेणखत द्या. माझ्या साध्या पेरूला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूल येतं, फेब्रुवारी-मार्चला फळ. गोडी पावसाळी फळाच्या दुप्पट. कुंडीतल्या स्ट्रॉबेरी पेरूला गेल्या वर्षी हेच केलं, तेवीस फळं मिळाली. सगळं झाड एकदम खुडू नका, पहिल्या वर्षी अर्धंच.

अळीसाठी फळमाशीचा सापळा लावा, कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' चांगला आहे. पण त्यात फक्त नर अडकतात, म्हणून सापळा लावून हात झटकायचे नाहीत. पडलेलं फळ त्याच दिवशी उचला, नाहीतर अळी मातीत शिरून कोष करते आणि पुन्हा माशी. मोजकीच फळं असतील तर सरळ मलमलीच्या पिशव्या बांधा.

पाचोळा:
प्लास्टिक बांधू नका हे लिहायचं राहिलं की काय ताई? आत वाफ धरून बुरशी येईल.

दापोलीची माळीण:
मला वाटलं ते गमतीत विचारतायत.

कातळकर:
गमतीत नव्हतं, ताडपत्री आणून ठेवली होती. आता ती लाकडांवर घालतो.

पहार घालून पाहिली. वीतभर कशाला, चार बोटांवर चिखल आणि खाली पाणी, वासही मारतोय. झाड उचलून दुसरीकडे लावायचा विचार आला होता, पण पाच वर्षांची मुळं कातळात गेलीत, तुटतील. चरच मारतो. मापाने साधारण आठ फूट लागेल, गडग्यापर्यंत उतार आहे. रविवारी गडी येतोय.

उन्हाचं मात्र अवघड आहे. पूर्वेकडच्या दोन फांद्या उतरवल्या तर दुपारी एकपर्यंत ऊन मिळेल, पण त्यातल्या खालच्या फांदीला दरवर्षी सात-आठ फणस लागतात. आई म्हणते, "सुपारीएवढ्या फळासाठी माझा फणस तोडणार?" वरची एकच उतरवली आणि खालची ठेवली तर सकाळी आठ ते अकरा ऊन येतं. तीन तासांत भागेल का, ताई?

दापोलीची माळीण:
यंदा भागवा. आईंना मार्चमध्ये पहिलं फळ द्या, मग खालच्या फांदीचं विचारा.