वजनकाटा खोटा, की आपण त्याला नको ते विचारतो?

निरगुडी
धागा काढण्यास कारण की, परवा जावेचे रिपोर्ट आले. जाऊबाई ५१ किलो, उंची १५२ सेंमी. लग्नकार्यात "दोन पोरं झाली तरी बघा कशी छडीसारखी!" हे ठरलेलं, आणि पुढचं वाक्य माझ्याकडे बघून. मी ७४ किलो. तर तिचे ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २६०, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३८ (बायकांना ५०च्या वर हवं), उपाशीपोटी साखर ११४. माझं सगळं जागेवर.

वजनावरून बाईच्या हृदयाचं भविष्य सांगणं आता बंद करा, एवढंच माझं म्हणणं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, त्याचं सूत्र १९व्या शतकातल्या केतले या बेल्जियन गणितज्ञाचं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाचं हृदय तपासायचं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ सालचा 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो आठवा. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्याला हे कसं कळणार? त्यापेक्षा शिंप्याची टेप आणा. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची हद्द ८० सेंमी.

तिरपी_सुई
जावेचं ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला तितकंसं वाटलेलं दिसत नाही. :)

'वजन जास्त पण रिपोर्ट चांगले' हे समाधान फार टिकत नाही हो. अमेरिकेत ९० हजार नर्सबायकांवर ३० वर्षं नजर ठेवली होती, निष्कर्ष २०१८ला आले. लठ्ठ, पण बीपी-साखर-कोलेस्टेरॉल ठीक, अशा बायकांनाही सडपातळ निरोगी बायकांपेक्षा हार्ट अटॅक-पक्षाघाताचा धोका ३९ टक्के जास्त निघाला. आणि अशा 'निरोगी लठ्ठ' बायकांपैकी ८४ टक्के जणींचं २० वर्षांत काही ना काही बिघडलंच. काटा खोटं बोलत नाही, फक्त उशिरा खरं ठरतो.

शिवाय टेपची एवढी वकिली केलीत, स्वतःची कंबर लिहायची राहिली.

निरगुडी
अर्धाच अभ्यास वाचलात. सडपातळ, पण रिपोर्ट बिघडलेल्या बायकांचा धोका त्याच अभ्यासात जवळजवळ अडीच पट आहे. म्हणजे माझ्यापेक्षा जाऊ जास्त धोक्यात, आणि तिला आजवर एकाही डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं नव्हतं. का? तर बारीक आहे!

तिरपी_सुई
हे मान्य. पण म्हणून तुम्ही सुटलात असं होत नाही. कंबर?

चुलीपाशी
काटा काय नि टेप काय, उभं राहायचं ते बाईनेच. पूर्वी स्थळ बघायला आलेले डोळ्यांनी मोजायचे, आता सासूच्या हातात सेंटिमीटर द्या. कंबर का वाढते यावर कोणी बोलणार आहे का? सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आपण संपवायचा, उपासाला साबुदाणा, रात्री शेवटी झोपायचं, पहाटे आधी उठायचं. चालायला जायचं तर "एवढा वेळ बरा मिळतो".

आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबर-नितंब प्रमाण ०.८५ किंवा जास्त असलेल्या बायका ५७ टक्के निघाल्या. निम्म्याहून जास्त बायका ज्यात सापडतात, ती धोक्याची खूण कसली? आपली ठेवणच तशी असेल.

काचपट्टी
@चुलीपाशी, निम्म्या गावाला विहिरीचं पाणी बाधलं तर पाणी चांगलं ठरत नाही, ताई. घरातल्या वागणुकीबद्दलचं मात्र शब्दन् शब्द पटलं.

मी लॅबमध्ये असतो, म्हणून दोन गोष्टी. टेप परकराच्या नाडीवर लावू नका, बहुतेक जणी तिथेच लावतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, वजन तेवढंच राहून कंबर वाढते. म्हणून त्या वयात टेप जास्त बोलते.

दुसरं, लॅबच्या तपासणी पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी असतं, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, त्याबद्दल. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं सोडते आणि त्यावरून यकृत सीआरपी बनवतं. २०२४ साली अमेरिकेतल्या सुमारे २८ हजार बायकांचा ३० वर्षांचा हिशोब आला. सीआरपी सगळ्यांत जास्त असलेल्या एक-पंचमांश बायकांना सगळ्यांत कमी असलेल्या एक-पंचमांश बायकांपेक्षा हृदयविकाराचा धोका ७० टक्के जास्त, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तोच फरक ३६ टक्के. पण सर्दी झाली, हिरडी सुजली तरी हा आकडा उसळतो. १०च्या वर आला तर घाबरू नका, बरं वाटल्यावर पुन्हा करा.

तिरपी_सुई
म्हणजे पुन्हा पॅकेज विका! बीपी मोजायला काय लागतं? या धाग्यात बीपीचा आकडा कुणीच दिलेला नाही. बायकांच्या हृदयाला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट ती, आणि आपण सीआरपीवर पोचलो.

काचपट्टी
बीपीचं शंभर टक्के खरं. आणि गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. वीस वर्षांपूर्वीचं म्हणून बायका सांगतच नाहीत.

निरगुडी
जावेला दुसऱ्या वेळी साखर होती! बाळंतपणानंतर सगळे विसरून गेलो.

बरं, मोजली. नाडीवर ८६ भरत होती, काचपट्टींनी सांगितलं तिथे ९१. झालं समाधान? बीपी १३४/८६. जावेची कंबर ८४. आणि चुलीपाशी, तुमच्यासाठी म्हणून नवऱ्यालाही उभा केला. पुरुषांची हद्द ९०, त्याची ९८. टेप ताणली गेलीय म्हणतो.

चुलीपाशी
ताणली असती तर आकडा कमी आला असता, सांगा त्याला.