परीक्षक म्हणायलाय, 'यात शोध कुठंय?'

वाळूजचा लेपवाला: आमचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रॉनिक सामान ज्या फिल्ममध्ये गुंडाळतात, तिच्यावर अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साचू न देणारा, लेप देतो. पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरमध्ये डीएमएसओ हे द्रावक आणि इपॉक्सी सिलेन हे चिकटवणारं रसायन, असं मिश्रण. पेटंटच्या तपासणी अहवालात दोन जुने कागद जोडलेत: एकात डीएमएसओनं वाहकता वाढते, दुसऱ्यात सिलेननं लेप घट्ट बसतो. दोन्ही जोडणं कुणालाही सुचलं असतं म्हणे. पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए), म्हणजे यात नवी कल्पकता नाही, आणि ३(ई), दोन्ही लावलीत. मेव्हणे म्हणायलेत, सोडून द्या. काय करावं?

बीडचा केमिस्ट: डीएमएसओवर भांडूच नका राव, ते जगाला ठाऊक आहे. पण सिलेन वाढवलं की वाहकता सहसा घसरते. तुमची घसरली नाही का? मग बोलायचं तिथंच!

वाळूजचा लेपवाला: नाही घसरली. दमट हवेतही टिकली.

बीडचा केमिस्ट: दमट? आपल्याकडं मे महिन्यात? ह्युमिडिटी चेंबरचे आकडे लागतील. पेडॉट-पीएसएसमधलं पीएसएस पाणी ओढतं, परीक्षक तेच विचारणार. नुसतं डीएमएसओ, नुसतं सिलेन आणि दोन्ही, एकाच जाडीचे लेप मोजा.

नांदेडची वकील: दादा, ३(ई) म्हणजे घटकांच्या गुणांची नुसती बेरीज. बेरजेपेक्षा जास्त काही घडतं हे तुलनेच्या तक्त्यानं दाखवा, शपथपत्रासोबत. मात्र त्या परिणामाचा उल्लेख मूळ अर्जात हवा. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने असतात. दावाही, म्हणजे ज्यावर हक्क मागताय ते, सिलेनच्या नेमक्या प्रमाणापुरता आवळा. मेव्हण्यांना नंतर विचारा.