मदत हवी आहे : दीड वर्ष बंद असलेल्या वसतिगृहातील पाणी मुलींना वापरू देण्यापूर्वी नेमके काय करावे?

नमस्कार.

बीड जिल्ह्यातील एका मोठ्या गावात आमच्या संस्थेचे मुलींचे वसतिगृह आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील ४८ मुली येथे राहून शिकत असत. आधी छताच्या दुरुस्तीसाठी आणि नंतर पैशांअभावी इमारत दीड वर्ष बंद राहिली. आता काम पूर्ण झाले असून १५ जूनला शाळा सुरू होतील तेव्हा मुली परत येतील. हातात पाच आठवडे आहेत.

पाण्याची रचना अशी आहे. ग्रामपंचायतीच्या नळाचे आणि बोअरचे पाणी १५,००० लिटरच्या जमिनीखालच्या हौदात येते, तेथून पंपाने गच्चीवरील प्रत्येकी २,००० लिटरच्या दोन काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांत चढते, आणि जुन्या लोखंडी व काही नव्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून दोन मजल्यांवरील न्हाणीघरे, शौचालये व स्वयंपाकघर येथे उतरते. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा ५०० लिटरचा सौर बंब आहे. वरच्या चार न्हाणीघरांत शॉवर आहेत आणि स्वयंपाकघरात आरओ यंत्र आहे.

गेल्या आठवड्यात मी तळमजल्यावरील नळ उघडला तेव्हा पहिली पाच मिनिटे तांबूस, कुबट वासाचे पाणी आले आणि नंतर ते स्वच्छ दिसू लागले. संस्थेतील बहुतेकांचे म्हणणे असे की पाणी नितळ झाले, आता टाक्या धुवाव्यात आणि मुलींना बोलवावे. मला ते पटत नाही. नळातून येणाऱ्या पाण्यातील क्लोरीन काही दिवसांतच उडून जाते, नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरील टाकीतले ‘थंड’ पाणीसुद्धा हाताला कोमट लागते. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या शोधातून लिजिओनेला हा जिवाणू सापडला. तो २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात चांगला वाढतो, असे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण हे वर्णन आमच्या गच्चीला तंतोतंत लागू पडते.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे. बोअर आटत आले आहे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, बाकी सारे टँकरवर. सर्व नळ तासन्‌तास वाहते ठेवा, हा सल्ला येथे कोणालाही पाळता येणार नाही, आणि शेजारच्या वस्तीवर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना तो पाळणे मला योग्यही वाटत नाही. एका, फार तर दोन टँकरमध्ये ही सारी व्यवस्था सुरक्षित करता येईल का? औषध किती घालावे, आणि काम झाले हे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद १ (पाणीपुरवठा विभागातून निवृत्त अभियंता)

आपली शंका रास्त आहे आणि दोन टँकरमध्ये काम होऊ शकते. मात्र सर्वांत आधी एक विनंती करतो. दीड वर्ष बंद असलेल्या हौदात कोणालाही लगेच उतरवू नका. आत प्राणवायू कमी झालेला असू शकतो, विषारी वायू साठलेला असू शकतो, आणि पहिला माणूस कोसळला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. झाकण उघडे ठेवून, पंख्याने हवा खेळती करून, शक्य तेवढा गाळ वरूनच उपसून, मगच कमरेला दोर बांधलेला एक माणूस उतरवावा आणि दोर धरणारे दोघे वर उभे ठेवावेत.

गाळ आणि शेवाळ घासून काढल्याशिवाय औषध घालू नये, कारण क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होते. घासल्यावर भिंतींवर लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी ब्रशने लावून अर्धा तास ठेवावे. २५ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घेतली तर २० लिटरच्या बादलीला १६ ग्रॅम पुरते. उघडी पडलेली किंवा गेल्या पावसाळ्यातील पोती वापरू नयेत, त्यांतील जोर गेलेला असतो. आणि ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडजवळ कधीही ठेवू नये, कारण दोन्ही मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो.

आता पाणी वाचवण्याचा मार्ग सांगतो. हौद पूर्ण भरायचा नाही. त्यात ३,००० लिटर पाणी घ्यावे, ६०० ग्रॅम पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी हौदात ओतावी, म्हणजे लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल. हेच पाणी नंतर धुतलेल्या टाक्यांत चढवावे आणि तेच नळ्यांत सोडावे. टाकीला जवळचा नळ आधी, सर्वांत दूरचा शेवटी, आणि प्रत्येक नळाला क्लोरीनचा उग्र वास आला की तो बंद करावा. एक इंची नळीत मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावते, त्यामुळे ६० मीटरच्या नळीला ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या, एवढाच हिशेब आहे. रात्रभर तसेच ठेवून सकाळी ते काढावे आणि ताज्या पाण्याने नळ्या धुवाव्यात. हे उग्र पाणी झाडांना किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. उघड्या खड्ड्यात उन्हात ठेवल्यास क्लोरीन उडून जाते, मग झाडांना चालते.

आरओ यंत्र या काळात तोडून ठेवावे, कारण क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो, आणि नंतर त्याच्या सर्व गाळण्या नव्या घालाव्यात. दुरुस्तीत काही नळ काढून नळीचे तोंड बंद केले असेल तर ते तुकडे मुळापासून कापून टाका. पाणी वर्षानुवर्षे तेथेच साचून राहते.

प्रतिसाद २ (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम)

वरील क्रम उत्तम आहे. मी फक्त ‘काम झाले’ याविषयी लिहिते, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सर्वांत दूरच्या नळाला मुक्त (पाण्यात शिल्लक राहिलेले) क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे, आणि ते एकदाच नव्हे तर मुली येईपर्यंत रोज. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणी (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी) करून देईल. व्यवस्था नेहमीच्या पाण्यावर आल्यानंतर एक-दोन दिवसांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा, बाटली त्यांच्याकडूनच घ्यावी. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळता कामा नये. मात्र ही चाचणी सांडपाण्याची भेसळ दाखवते, लिजिओनेला दाखवत नाही.

लिजिओनेलाचा आजार सहसा पाणी पिऊन होत नाही, पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. म्हणून शॉवर काढून टाकावेत आणि बादलीनेच आंघोळ ठेवावी. पहिल्यांदा नळ सोडणाऱ्यांनी एन-९५ मास्क लावावा आणि नळाच्या तोंडाला फडके बांधून पाणी न उडवता सोडावे. जेवणघरात हवेचा कूलर असल्यास त्याची टाकी रिकामी करून घासावी आणि वाळ्याच्या ताट्या नव्या लावाव्यात. मुलींपेक्षा मला स्वयंपाकाच्या मावशींची आणि रखवालदारांची अधिक काळजी वाटते, कारण पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि तंबाखूचा धूर घेणाऱ्यांना हा आजार जास्त गाठतो. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत कोणाला ताप आणि खोकला आला तर इमारत बंद होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बंद केलेल्या नळ्यांचे तीन तुकडे आज सापडले, ते उद्या कापून घेतो. कूलरच्या टाकीत चार बोटे पाणी खरोखरच होते. सौर बंबात हेच क्लोरीनचे पाणी सोडावे का?

प्रतिसाद १

सोडू नये, आतील स्टीलची टाकी त्याने गंजते. बंब पहाटेच रिकामा करून भरावा, कारण तापलेल्या काचेच्या नळ्यांत गार पाणी शिरले की त्या तडकतात. मग दोन दिवस कडक ऊन खाऊ द्यावे, पाणी ६० अंशांच्या वर गेल्याचे तापमापीने पाहावे आणि दुपारी गरम पाण्याचा प्रत्येक नळ ते कढत पाणी येईपर्यंत सोडावा, तेव्हा हात भाजणार नाही एवढे जपावे. हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये आभाळ भरून आले की बंब एवढा तापणार नाही.