मदत हवी आहे: छोट्या गूंच माशाची जात छायाचित्रावरून ओळखता येईल का?

भीमेच्या खोऱ्यात जाळ्यात सापडलेल्या सुमारे 15 सेंटिमीटरच्या गूंच माशाची तीन छायाचित्रे माझ्याकडे आहेत: एक वरून, एक बाजूने, एक पोटाकडून. मासा जिवंत सोडून दिल्यामुळे मणके मोजणे किंवा डीएनए तपासणे शक्य नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णिलेला ‘बगेरियस बगेरियस’ आणि कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनमधून नोंदवून विल्यम यॅरेल यांचे नाव दिलेला ‘बगेरियस यॅरेली’, या दोहोंपैकी हा कोणता, एवढेच ठरवायचे आहे.

दोन्ही मूळ वर्णने वाचली. पण खरखरीत कातडी, मिशा आणि काळपट पट्टे दोघांनाही असल्याने त्यांचा उपयोग झाला नाही. लांबीवरून निवाडा करणे तर फसवेच, कारण पहिली जात लहानच राहते, तर दुसरीचे पिल्लूही कधीतरी एवढेच असते. बाजूच्या छायाचित्रात पोटाखालच्या परांच्या जोडीचा उगम आणि पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा स्पष्ट दिसतात (शेपटीचे टोक मात्र बोटाआड गेले आहे). या दोहोंची परस्परांच्या तुलनेतली जागा एवढ्या लहान माशातही भरवशाची खूण ठरते का, आणि नसल्यास छायाचित्रात आणखी काय पाहावे?