गोष्ट असेल ती वस्तू ठेवावी

जुन्या वस्तू जपाव्यात की टाकाव्यात, असा तुमचा प्रश्न. माझ्या मते जिच्यामागे गोष्ट आहे ती ठेवावी, बाकीच्या खुशाल देऊन टाकाव्यात.

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा आजी शनिवार पेठेत राहायची. मुठेचं पाणी वाड्यात शिरलं, संसार चिखलात गेला. हाती लागला एक पितळी डबा, तळाला पोचा आलेला. आजी त्यावरून हात फिरवत त्या दिवसाबद्दल बोलायची.

गेल्या वर्षी मी दोन पोती कपडे-भांडी देऊन टाकली, एकाचीही आठवण आली नाही. डबा मात्र माझ्या ओट्यावर आहे. त्यात पोहे असतात, आणि दर दिवाळीला मी तो चिंच लावून घासते.